प्लास्टिकचा कार्बन आणि कोरा फिल्टर: सागरी कार्बनचक्राच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

उत्तर अटलांटिकमधील सार्गासो समुद्रात २००० मीटर खोलीवरून आणलेल्या माझ्या नमुन्यांमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे गुणोत्तर ९.५च्या पुढे गेलेले दिसले, तेव्हा मी त्याचा अर्थ लगेच लावून मोकळी झाले. खाली बुडत जाणाऱ्या कणांतील नायट्रोजनयुक्त द्रव्ये जिवाणू आधी संपवतात आणि कार्बन मागे उरतो, हे आपण सर्वच जण शिकलेले असतो, आणि ते खरेही आहे. त्या आधारावर मी प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण लिहिले. वाढलेला कार्बन बऱ्याच अंशी आमच्याच जहाजावरील प्लास्टिकच्या दोरखंडाचा होता, हे कळायला मला चौदा महिने लागले.

ही चूक कशी घडते ते नीट समजून घ्या. कणरूप सेंद्रिय कार्बन मोजताना आपण पाणी काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळतो, आम्लाच्या वाफेने कार्बोनेट काढून टाकतो आणि उरलेला ऐवज विश्लेषकात जाळतो. आम्लाने प्लास्टिक जात नाही आणि भट्टीत ते इतर कणांबरोबरच जळते, त्यामुळे यंत्राला तो कार्बन शैवालाचा की पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे दोरखंडाच्या प्लास्टिकचा, हे सांगता येत नाही. आता हिशेब करा. पॉलिप्रॉपिलीनच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो आणि नायट्रोजन मुळीच नसतो. एक मिलिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचे वजन सुमारे ७ मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे त्यात ६ मायक्रोग्रॅम कार्बन असतो. इतक्या खोलीवरच्या १० लिटर पाण्यातून माझ्या हाती नैसर्गिक कार्बन जेमतेम ३० मायक्रोग्रॅम येत होता. डोळ्यांना धुळीच्या कणासारख्या भासणाऱ्या एकाच तुकड्याने ८ हे गुणोत्तर ९.६ होते आणि त्याचा आलेख जिवाणूंच्या कामगिरीसारखाच दिसतो.

मी ब्लँक, म्हणजे बाहेरून मिसळणारा कार्बन किती हे कळण्यासाठी नमुन्याविना केलेले मोजमाप, घेतला नव्हता असे नाही. मी न वापरलेला कोरा फिल्टर जाळून त्याचे मूल्य वजा केले होते, आणि माझी खरी चूक तीच होती. तो ब्लँक फक्त फिल्टर स्वच्छ होता एवढेच सांगतो. खोलवरचे पाणी भरून आणणारी निस्किन बाटली, जी बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचीच असते, तिची नळी, डेकवरची हवा, अंगावरचे लोकरीसारखे पॉलिएस्टर जॅकेट आणि दोर गुंडाळणाऱ्या विंचेजवळ घासला जाणारा दोर, यांपैकी कशाचीही नोंद त्यात होत नाही. आधी गाळून घेतलेले समुद्राचे पाणी त्याच बाटलीतून, त्याच नळीने, त्याच डेकवर, नमुन्याइतकाच वेळ घेऊन पुन्हा गाळणे, आणि हे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक पाळीत करणे, याला संपूर्ण प्रक्रियेचा ब्लँक म्हणतात. जहाजावर पहाटे तीन वाजता, थकलेल्या अवस्थेत, हा एक जादा फिल्टर टाळावासा वाटतो. तो टाळू नका. बाकी सर्व चुका प्रयोगशाळेत परतल्यावर काही प्रमाणात दुरुस्त करता येतात, पण न घेतलेला ब्लँक नंतर मिळत नाही.

हा आग्रह अतिरेकी वाटत असेल, तर त्रुटीचे आणि संकेताचे आकारमान शेजारी ठेवून पाहा. २०२५ साली ‘नेचर’मध्ये १,८८५ ठिकाणांच्या खोलीनिहाय नोंदींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार कणरूप सेंद्रिय कार्बनातील सूक्ष्मप्लास्टिकच्या कार्बनाचा वाटा ३० मीटरवर ०.१ टक्का आहे, तर २००० मीटरवर तो ५ टक्क्यांपर्यंत जातो. आपण ५ टक्के शोधायला निघतो आणि एक तुकडा २० टक्क्यांची चूक करून जातो. सार्गासोच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकची नोंद १९७२ सालीच झाली होती, पण खोल पाण्यातील बारीक कणांकडे लक्ष वळायला पुढे कित्येक वर्षे लागली.

जैविक पंपावर, म्हणजे सजीवांमार्फत पृष्ठभागावरचा कार्बन खोल समुद्रात पोहोचवणाऱ्या प्रक्रियेवर, प्लास्टिकच्या होणाऱ्या परिणामाचा भाग अनेकांना अधिक आकर्षक वाटतो. इंग्लंडमधील प्लायमथ येथील प्रयोगांत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे कण गिळलेल्या कोपेपॉडांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांच्या, विष्ठागोळ्या हलक्या झाल्या आणि संथपणे बुडू लागल्या. गोळी वरच्या थरात जास्त वेळ राहिली की तिच्यातील कार्बन खोलवर पोहोचण्याआधीच पुन्हा कार्बन डायऑक्साइड होण्याची शक्यता वाढते. विचार पटण्यासारखा आहे. मात्र अशा प्रयोगांत वापरलेली कणसंख्या खुल्या समुद्रातील संख्येपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून काचपात्रातील टक्केवारी थेट महासागराला लावणारा निबंध लिहू नका, मार्गदर्शकांनी सुचवले तरी लिहू नका.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे: जे स्वतः अजून सूक्ष्मदर्शकापाशी बसतात, त्यांच्याकडे जा. माझ्या आलेखाचे कौतुक अनेकांनी केले, पण फिल्टर दाखव असे फक्त एका तंत्रज्ञ बाईंनी म्हटले. तसेच प्लास्टिक ओळखण्यासाठी केवळ नाइल रेड रंग लावून चमकणारे ठिपके मोजण्याच्या सोप्या मार्गावर विसंबू नका, कारण तो रंग कोपेपॉडांच्या चरबीलाही लागतो. प्लास्टिक वेगळे दिसावे म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य नष्ट केलेला फिल्टर कार्बन मोजण्याच्या कामाचा राहत नाही, तेव्हा नमुन्याचे दोन भाग सुरुवातीलाच करावेत.

मी ते केले होते, आणि त्यामुळेच वाचले. प्रत्येक फिल्टरचा अर्धा भाग गोठवून ठेवलेला होता. त्यावरील निळसर तुकडे चिमट्याने उचलून पदार्थ ओळखण्यासाठी त्यांचे अवरक्त वर्णपट घेतले, तेव्हा पॉलिप्रॉपिलीन निघाले. अकरापैकी सात नमुने मला वगळावे लागले आणि ते प्रकरण मी उरलेल्या चारांवर नव्याने लिहिले. ते लहान झाले, पण परीक्षकांसमोर त्यातील प्रत्येक आकड्याच्या पाठीशी मी उभी राहू शकले. तुमच्या हातून असे घडले, तर नमुने वगळल्याने पदवी जात नाही, एवढे माझ्या अनुभवावरून खात्रीने सांगते.

तुकडे दोराचेच होते हे सिद्ध करता आले, कारण परतीच्या दिवशी एका खलाशाने आठवण म्हणून त्या निळ्या दोराचा वीतभर तुकडा मला दिला होता. आता मी सफरीच्या पहिल्याच दिवशी दोर, डेकवरचा रंग, हातमोजे, नळ्या आणि आम्हा सर्वांच्या जॅकेटांचे धागे वेगवेगळ्या काचेच्या कुप्यांत भरते, त्यांवर तारीख घालते आणि पहिली बाटली पाण्यात उतरण्याआधी त्या कुप्या बंद करते.