स्ट्रट बारने गाडी जड होते का? वजनाचा आणि पिकअपचा हिशोब स्वतः कसा काढायचा

स्ट्रट बार म्हणजे बॉनेटखाली पुढच्या दोन्ही सस्पेन्शनच्या (स्ट्रटच्या) माथ्यांना जोडणारा आडवा दांडा, बॉडी कमी पिळवटावी म्हणून लावतात. "बार लावला आणि पिकअप वाढला" किंवा "बार लावला आणि गाडी मेली", ही दोन्ही वाक्यं इतक्या लोकांकडून ऐकलीत की आता मी एकच विचारतो, मोजलं कशावर? उत्तर ठरलेलं, "अरे, जाणवतं ना!" नाही जाणवत. १० किलोचा फरक कुणालाही सीटवर बसून कळत नाही. स्टिअरिंग जरा चटकन ऐकायला लागतं, वळणात नाक लवकर आत जातं, आणि माणसाला वाटतं इंजिनच बदललं.

तर आधी वजन. बार गाडीवर चढवायच्या आधी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, ब्रॅकेट आणि नटबोल्टसकट, झालं काम. गाडी घेऊन ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊ नका, तिथला आकडा ५ नाहीतर १० किलोच्या टप्प्याने सरकतो, ३ किलोचा बार त्यावर दिसणारच नाही (आणि उसाच्या सीझनमध्ये काट्यांबद्दल गावाकडे काय बोलतात ते तुम्हाला माहितीये). पुढचा बार, मागचा बार आणि गाडीच्या पोटाखालची ब्रेस (तसलाच आधाराचा दांडा) मिळून साधारण १० किलोच्या आसपास जातं, ॲल्युमिनियम घेतलं तर कमी.

पाइप वाकवून काही बनवून घेणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे जायच्या आधीच वजन काढता येतं. बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर मीटरला किती किलो. म्हणजे ३८ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा स्टील पाइप मीटरला जवळजवळ २.२ किलो. रोल केजला (गाडीच्या आत बसवायचा पाइपांचा सुरक्षा पिंजरा) असा २० मीटर पाइप लागला की ४४ किलो झाले, वर पायाच्या प्लेटा वेगळ्या.

आता टक्केवारी. सोपं म्हणून ड्रायव्हरसकट गाडी १००० किलो धरा. १० किलो म्हणजे १ टक्का, आणि इंजिनची ताकद तीच असेल तर प्रवेग तेवढाच १ टक्का कमी. ० ते १०० ला १२ सेकंद घेणारी गाडी साधारण १२.१ घेईल. बस, एवढंच. स्विफ्टची ३७ लिटरची टाकी फुल्ल केली तर पेट्रोलचंच वजन २७ किलोच्या घरात जातं, पण टाकी भरल्यावर "पिकअप गेला" म्हणून पंपावर भांडताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

आता खरी डोकेदुखी, हा फरक मोजायचा कसा. मी सगळ्यात जास्त इथेच अडकलो होतो आणि बहुतेक सल्ले इथेच फालतू असतात. "फोनवर ॲप टाक, बार लावायच्या आधी एक रन, नंतर एक रन, वजाबाकी कर." अरे बाबा, बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच वेग देतं आणि तुम्ही शोधताय ०.१ सेकंद! त्यात रस्ता. १०० मीटरला १ मीटर चढ डोळ्याला सपाटच वाटतो, पण १२ सेकंदवाल्या गाडीचा ४ टक्क्यांच्या आसपास प्रवेग तो खातो, म्हणजे तुमच्या सगळ्या बारांच्या चौपट. हवा बघा, ३० अंशाला केलेला रन आणि ४० अंशाला केलेला रन यात हवेची घनता ३ टक्क्यांनी वेगळी, नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनला ते लगेच कळतं. सकाळी बार काढून रन मारला आणि मे महिन्याच्या दुपारी बार लावून मारला तर तुम्ही उन्हाचं माप घेतलंत, बाराचं नाही.

म्हणून १० किलो मोजायच्या भानगडीत पडूच नका. १०० किलो मोजा आणि दहाने भागा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, दोन गोण्या घ्या, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळा (नाहीतर सीटमध्ये गेलेली ती पावडर आयुष्यभर निघत नाही), पुढच्या सीटच्या मागे खाली फ्लोअरवर ठेवा आणि पट्ट्याने आवळून बांधा. डिकीत नको, मागचा भाग बसतो, आणि सुट्या तर अजिबात नको, ब्रेक मारला की ५० किलो तुमच्या पाठीत. गोण्या ठेवून रन, काढून रन, परत ठेवून रन. आता फरक १० टक्क्यांच्या जवळ येतो, तो साध्या साधनातही दिसतो. थर्ड गिअरमध्ये ४० ते ८० ला आठ सेकंद लागत असतील तर गोण्यांसकट पावणेनऊच्या आसपास लागायला हवेत. फरक काहीच दिसला नाही किंवा उलटा दिसला, तर तुमची मोजायची पद्धत गंडलीये, गाडी नाही.

आणि रन थर्ड गिअरमध्येच घ्या, उभ्या गाडीवरून क्लच सोडून लाँच नको. लाँचमध्ये चाक जागच्या जागी फिरतं, क्लच कुठे धरला त्यावर अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. एसी बंद, टायरची हवा तीच, पेट्रोल तेवढंच, आणि प्रत्येक वेळी जाताना एक, येताना एक असे दोन्ही दिशांचे रन घेऊन सरासरी काढा म्हणजे चढ आणि वारा दोन्ही कटतात. हे चालू रस्त्यावर करू नका, ट्रॅक डे किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तसल्या ड्रॅग इव्हेंटची (सरळ रेषेतल्या शर्यतींची) वाट बघा. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा वेग देणारा बाहेरचा जीपीएस कुणाकडून उसना मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मग बार लावायचाच कशाला? सरळ रस्त्यासाठी नाहीच मुळी. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये तो सरळ रेषेत काही देत नाही, थोडंसं घेतोच. बॉडी कमी पिळवटली की सस्पेन्शनला त्याचं काम करता येतं, वळणातून बाहेर येताना थ्रॉटल जरा आधी उघडता येतो, वेळ वाचला तर तिथे वाचतो. फोर्डच्या जुन्या फॉक्स बॉडी मस्टँगची गोष्ट वेगळी, तिथे व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनचा टॉर्क मागच्या चाकांना आणि बॉडी लवचिक, म्हणून ड्रॅगवाले सबफ्रेम कनेक्टर (पुढची-मागची सांगाडी खालून जोडणारे पाइप) वेल्ड करतात आणि ते वजन त्यांना परवडतं. ११३ एनएम टॉर्कच्या स्विफ्टला ते लॉजिक लावू नका.

सीम वेल्डिंग, म्हणजे बॉडीच्या पत्र्यांचे जोड सलग वेल्ड करणं? रोजच्या गाडीला नको. वजन फारसं वाढत नाही, पण रंग आणि गंजरोधक कोटिंग जळतं, आणि आपला पावसाळा ते शोधून काढतोच.

रोल केज रस्त्यावरच्या गाडीत घालू नका, ४४ किलो हे त्याचं सगळ्यात किरकोळ कारण आहे. हेल्मेटशिवाय डोकं पाइपवर आपटलं तर ज्या धक्क्यातून एरवी वाचला असता त्यात जाल. शिवाय गाडीत बदल करण्यावर मर्यादा घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिलाय. बोल्टने बसणारा बारसुद्धा लावायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून ठेवा.

बसवणं सोपं आहे, गाडी चारही चाकांवर सपाट जागी, जॅकवर नाही, स्ट्रटचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. दोन्ही टोकांना बिजागरीसारखा बोल्ट असलेले स्वस्त बार टाळा, एकसंध घ्या. बॉनेट बंद करायच्या आधी बारावर मातीचा गोळा ठेवून बघा, पूर्ण चेपला तर बॉनेट टेकतंय.

आणि वजनाची एवढीच काळजी असेल तर बार सोडा, चाकं बघा. १५ च्या जागी १७ इंची जड अलॉय घातले की ते वजन नुसतं ढकलायचं नसतं, फिरवायचंही असतं, त्यामुळे रिमच्या कडेचा १ किलो पिकअपला जवळजवळ २ किलोसारखा लागतो, आणि अशी चाकं चार असतात. लोक दोन्ही कामं एकाच रविवारी करून घेतात आणि शिव्या बाराला घालतात.