निवेदन दिलं, फोटो काढला, पुढं काय? महापालिकेला सल्ला देणाऱ्या तरुणांनो, या चुका टाळा

आमच्या ग्रुपचं पहिलं निवेदन दीड पानाचं होतं. त्यात ‘तरुणाई’ हा शब्द नऊ वेळा आला होता, गट नंबर मात्र एकदाही नव्हता. बागेसाठी सुचवलेल्या पडीक जागेचे रंगीत फोटो जोडले होते. टेबलावरच्या क्लार्कनं ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “बाळांनो, ही जागा आपली आहे का?” आम्ही ठणकावून सांगितलं, “महापालिकेचीच आहे की, साहेब.” ती नव्हती. दुसऱ्याच खात्याची निघाली आणि हे कळेपर्यंत सात महिने गेले.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: जागा कुणाची हे न बघता मागणी करणं. छत्रपती संभाजीनगरातलं सिद्धार्थ उद्यान महापालिकेचं आहे, पण हिमायत बाग परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथल्या पायवाटांसाठी आयुक्तांना कितीही पत्रं लिहिली तरी ती फार तर पुढं पाठवली जातील. वाळूजचंही तेच. बजाजनगर, रांजणगाव भागात खोल्या करून राहणारी हजारो कामगार पोरं स्वतःला शहरातलीच समजतात, पण तिथं कारभार ग्रामपंचायतींचा आणि एमआयडीसीचा. महापालिकेच्या दारात त्यांचा अर्ज म्हणजे पाहुण्याच्या घरी जाऊन स्वयंपाकघराची तक्रार करण्यासारखं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. नगररचना विभागात जाऊन विकास योजनेचा, म्हणजे शहरात कुठं काय होणार हे ठरवणाऱ्या आराखड्याचा, भाग-नकाशा घ्यायचा. जागेचा सातबारा किंवा नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक काढायचं. मग त्या जागेवर बागेचं आरक्षण आहे का, म्हणजे योजनेत ती बागेसाठी राखून ठेवली आहे का, की ती ले-आउटची (प्लॉट पाडलेल्या वसाहतीची) ओपन स्पेस आहे, ते बघायचं. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. नव्या बागेसाठी गळा काढण्याआधी आपल्या प्रभागातल्या असल्या ओपन स्पेस मोजा. एखादीवर कुणाचा मांडव कायमचा बसलेला दिसेल, एखादीवर बांधकामाची वाळू. गुंठेवारीच्या, म्हणजे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या, वसाहतीत मात्र बहुतेकदा मोजायलाच काही उरलेलं नसतं. तिथं ‘प्रत्येक वॉर्डात एक बाग’ ही मागणी कागदावरच राहते. जवळच्या शाळेचं मैदान संध्याकाळी उघडा, असं मागितलं तर काहीतरी हलतं.

आरक्षणाची गोष्ट जरा खोलात समजून घ्या, कारण इथं शहरं शांतपणे बागा गमावतात. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम 127 आहे. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि जागा मालकाला मोकळी होते. बागेची पाटी नाही, मोर्चा नाही, बातमी नाही. तेव्हा माहिती अधिकारात एवढंच विचारा की बाग आणि क्रीडांगणाच्या किती आरक्षणांवर कलम 127 च्या नोटिसा आल्या आहेत आणि त्यांच्या तारखा काय. अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राचा तसा नियमच आहे. शेजारच्या तीन मागण्या त्यातच घुसडल्या, तर अर्ज परत करायला निमित्त मिळतं.

आता घरांचं. इथं सगळं एकाच दारात मागण्याची सवय नडते. मुलामुलींची सरकारी वसतिगृहं समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण अशा राज्याच्या खात्यांकडे असतात. ‘महापालिकेनं वसतिगृह बांधावं’ या ओळीला उत्तर ठरलेलं आहे: विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. महापालिकेच्या हातात काय असतं ते मागा. बांधकाम परवानगी तिच्या हातात असते. 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात 4,000 चौरस मीटर व त्यापुढच्या ले-आउटमध्ये 20 टक्के वाटा अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा असतो आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. अशा किती प्रकल्पांना परवानगी दिली, किती घरं म्हाडाला कळवली, हे विचारण्यासारखं आहे. पण हा मुद्दा संभाजीनगरचा. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. नांदेड, लातूर दहा लाखांच्या बरंच खाली. तरीही लातूरच्या काही मित्रांनी आमचंच निवेदन शहराचं नाव बदलून दिलं होतं. एका ठिकाणी नाव बदलायचंही राहिलं.

लातूरला मागायला वेगळं खूप आहे. ट्यूशनसाठी जिल्ह्या-जिल्ह्यातून आलेली पोरं एका खोलीत चार-चार जण राहतात. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधला भाड्याच्या घरांचा घटक बघा. नोकरदार महिला, कामगार यांच्यासोबत विद्यार्थीही त्यात बसतात. 2024 पासूनची ही योजना आपल्याकडे बहुतेकांना फक्त ‘घरकुल’ म्हणून माहीत आहे.

खोल्यांचा सर्व्हे करत असाल तर एक चूक चुकूनही करू नका. मालकाचं नाव-पत्ता यादीत लिहू नका. आम्ही लिहिला होता. भाड्यानं दिलेल्या घराचा मालमत्ता कर सहसा जास्त बसतो, त्यामुळे भाडेकरू कागदावर नसलेलाच मालकाला परवडतो. यादी फुटली आणि दोन मुलींना महिनाअखेर खोली सोडावी लागली. ते अजून सलतं. गल्ली आणि संख्या एवढं पुरतं.

याच गाठीला दुसरी गाठ आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. प्रत्यक्षात करार नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून मतदार यादीत नाव नाही. नगरसेवक यादी बघतो. त्या यादीत खोलीमालक असतो, तुम्ही नसता. बरं, गावातलं मत सोडायला पोरंही तयार नसतात; एका मतानं ग्रामपंचायत पडलेली त्यांनी पाहिलेली असते. निवड ज्याची त्यानं करावी, पण ‘आम्ही इथले मतदार’ असं खोटं लिहू नये. पहिल्याच बैठकीत उघडं पडतं.

लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात त्या दिवशी, सामूहिक निवेदन नेणं ही आणखी एक चूक. महिन्याचा पहिला सोमवार, टोकन, रांग सगळं झाल्यावर कळतं की तिथं तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते आणि अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. ग्रुपचं निवेदन येणारी पत्रं नोंदवणाऱ्या नेहमीच्या आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. साहेबांना गुच्छ देतानाचा फोटो ही पोच नव्हे. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला मुख्यमंत्री येतात तेव्हा निवेदनांचा जो ढीग जमतो, त्यात आपलं टाकायचा मोहही आवरा. बागेला पैसा मिळतो तो अंदाजपत्रकातल्या लेखाशीर्षातून, म्हणजे त्या कामासाठीच्या खर्चाच्या ठरावीक खात्यातून. ते मार्चमध्ये ठरतं, तयारी हिवाळ्यात होते. दिवाळीनंतर लगेच जा.

आणि पाण्याचा विचार न करता हिरवळ मागू नका. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आपल्याच विभागात आहे. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गल्लीत लॉनवर कारंजं उडताना दिसलं, तर लोक तरुणांनाच शिव्या देतील. कडुनिंब, करंज, बहावा मागा. मैलाशुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरनं बागेला मिळेल का, ते विचारा. पहिली तीन वर्षं माळी कोण आणि त्याचा पगार कुठून, हेही लिहा. उद्यान विभागातल्या एका माळीकाकांनी आम्हाला सांगितलं होतं, “झाड लावायला सगळे येतात. मे महिन्यात कोण येतंय ते सांगा.”

शेवटची चूक आम्हाला मैत्रिणींनी दाखवली. आमच्या अकरा मागण्यांत ओपन जिम, क्रिकेटची नेट, सेल्फी पॉइंट होतं. स्वच्छतागृह नव्हतं. सगळी पोरंच लिहायला बसली होती, अभ्यासिकेतून रात्री साडेआठला परतणाऱ्या मुलींना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी यादी फाडली आणि तीनच ओळी लिहिल्या: मागच्या फाटकाजवळ दिवा, चालू स्वच्छतागृह, साडेनऊपर्यंत चौकीदार. सोबत जागेचं मालमत्ता पत्रक जोडलं. दिवा दोन महिन्यांत लागला. चौकीदार आला. स्वच्छतागृहाला अजून कुलूप आहे, किल्ली कुणाकडे आहे ते विचारणारा अर्ज परवाच आवकला टाकलाय.