वायूंचे प्रयोग वर्गात करताना या चुका टाळा

टोक बंद केलेल्या सिरिंजवर वजने ठेवून बॉईलचा नियम (तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचे आकारमान निम्मे होते) दाखवायला गेले की आकडे जुळत नाहीत आणि खापर सिरिंजवर फुटते. चूक बहुतेकदा गणितात असते. दट्ट्यावर आधीपासूनच असलेला हवेचा दाब कुणी धरतच नाही.

२० मिलीच्या सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ३ चौ. सेंमी. असते. १ किलो वजनाने त्यावर सुमारे ३३ किलोपास्कल दाब वाढतो. समुद्रसपाटीला हवेचे १०१ मिळवा, एकूण १३४ झाले. म्हणजे २० मिली हवा १५ मिलीवर यायला हवी. महाबळेश्वरच्या शाळेत हवेचा दाब ८६ च्या आसपास, तिथे ती साडेचौदापर्यंत जाईल. नुसते ३३ धरून बसलात, तर वजन दुप्पट केल्यावर आकारमान निम्मे का होत नाही, याचे उत्तर मुलांना देता येणार नाही.

दुसरी अडचण घर्षणाची. रबरी दट्ट्या अडकतो. वजन ठेवल्यावर तो हलकेच फिरवा आणि मगच आकडा वाचा. वजने चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा नोंद घेऊन सरासरी काढा. सगळी वजने काढल्यावर दट्ट्या २० ऐवजी १७ वरच थांबला आणि फिरवूनही वर येत नसेल, तर टोकातून हवा गळते आहे. तिथे मेण पुरत नाही, एम-सील लावा.

कॅन चेपण्याच्या प्रयोगात कॅनमध्ये थोडे पाणी उकळून तो थंड पाण्यात पालथा घालतात; आतल्या वाफेचे पाणी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने कॅन चेपतो. इथे घाई नडते. शीतपेयाच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये १५ मिली पाणी पुरे. उकळी फुटताच कॅन उचलला तर आत बरीच हवा शिल्लक असते, आणि १०० अंशांवरून २५ अंशांवर आलेल्या हवेचा दाब जेमतेम २० टक्के घटतो. वाफ अर्धा-एक मिनिट जोराने निघू द्या, म्हणजे ती हवेला बाहेर ढकलेल. सांडशी तळहात वर ठेवून धरा, नाहीतर कॅन पालथा करताना मनगट वळत नाही. तोंड थंड पाण्यात बुडलेच पाहिजे. झाकणाचा डबा वापरत असाल तर तो आचेवर असताना झाकण कधीही लावू नका, फुटेल.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास पालथा घालतात, त्या प्रयोगाबद्दल 'ऑक्सिजन संपला म्हणून पाणी एक पंचमांश चढले' असे सांगणे थांबवा. ज्योत विझते तेव्हा बराच ऑक्सिजन उरलेला असतो. पाणी मुख्यतः विझल्यानंतर, गरम हवा निवल्यावर चढते. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा: पाणी जास्त चढेल, ऑक्सिजन मात्र तेवढाच होता.