गावात समलिंगी लग्नावर चर्चा घ्यायची असेल तर आधी हे वाचा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. गावात एक छोटं वाचनालय आहे, दोन कपाटं, एक टीव्ही, एक मोठी सतरंजी, आणि मी ते बघतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये समलिंगी लग्नावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा टीव्हीवर तेच चालू होतं, दसरा तोंडावर होता, सोयाबीन निघालं होतं, लोकांना थोडा वेळ होता, म्हणून मी म्हटलं चला यावर चर्चा घेऊ. चाळीसेक माणसं आली. बोलणं चांगलं चाललं होतं तेवढ्यात एक काकाजी म्हणाले, "कोर्टानं काहून सांगाव? देशात मतदान घ्या ना, समजते मंग." आणि मला काय वाटलं माहीत नाही, मी म्हटलं ठीक आहे, आपणच घेऊ, हात वर करा. विरोधात एकतीस हात, बाजूने चार, मी मोठ्याने मोजले, फळ्यावर लिहिले.

सगळे गेल्यावर सतरंजी गुंडाळायला एक पोरगा थांबला, पेपरचं रजिस्टर तोच लिहायचा. त्याने दुसरं टोक धरलं, दोन घड्या झाल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काहून मोजले भाऊ हात?" एवढंच. दिवाळी झाल्यावर तो पुण्याला कंपनीत गेला, त्यानंतरच्या पोळ्याला आला नाही, अजूनही फोन उचलतो पण गावाचं नाव काढलं की विषय बदलतो. तो कोण आहे, काय आहे, ते मी त्याला विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, तुम्हीही अंदाज लावू नका. पण माझ्याकडून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहून राहिलो. त्यानंतर मी अशा चार बैठका घेतल्या, आमच्या गावात आणि शेजारच्या गावांत, त्यात जे जमलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी, हात वर करायला लावू नका. चिठ्ठ्या टाकून नाही, मोबाईलवर पोल टाकून नाही, कशानेच नाही. लोक म्हणतील की दारूच्या दुकानासाठी आपण मतदान करतोच की, आडवी बाटली उभी बाटली. बरोबर आहे, आपल्याकडच्या बायांनी त्या मतदानासाठी किती पायपीट केली ते आपण पाहिलं आहे, पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, मग एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण तिथे फैसला दुकानाचा होतो. दुकान रात्री घरी जाऊन रडत नाही. इथे ज्याच्या लग्नावर आपण हात मोजतो तो त्याच सतरंजीवर बसलेला असू शकतो, आणि त्याला स्वतःच्याच विरोधात हात वर करावा लागतो, नाहीतर बाजूचा बघतो की याने काहून नाही केला.

"देशात मतदान घ्या" हे वाक्य तुमच्या बैठकीत येणारच, म्हणून त्याची तयारी करून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही गडबडलात तर माझ्यासारखं होते. सांगायचं असं की आपल्या राज्यघटनेत अख्ख्या देशाचं सार्वमत घ्यायची सोयच नाही, कायदा संसद करते आणि तो घटनेत बसतो की नाही ते कोर्ट बघते. मग ज्या देशांत खरंच मतदान झालं त्यांचं सांगा, लोकांना त्यात फार रस असतो. आयर्लंडने २२ मे २०१५ ला सार्वमत घेतलं, ६२ टक्के लोक हो म्हणाले, तेही चर्चला मानणारा देश असून आणि १९९३ पर्यंत तिथे समलिंगी संबंध गुन्हा असून. ऑस्ट्रेलियात २०१७ ला पोस्टाने फॉर्म पाठवून विचारलं, ७९.५ टक्के लोकांनी फॉर्म परत पाठवले, त्यातले ६१.६ टक्के हो म्हणाले, आणि डिसेंबरात संसदेने कायदा केला. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ ला ६४ टक्के हो.

पण फक्त जिंकलेली उदाहरणं सांगू नका, लोक हुशार असतात, एकतर्फी वाटलं की उठून जातात. स्लोव्हेनियात २०१५ च्या सार्वमतात ६३ टक्के नाही म्हणाले. तैवानमध्ये २०१८ ला लोक नाही म्हणाले. आणि मग विचारा की नाही म्हटल्यावर तिथे विषय संपला का? नाही संपला. तैवानच्या कोर्टाने आधीच निकाल दिलेला होता म्हणून २०१९ च्या मे महिन्यात कायदा आला, स्लोव्हेनियात २०२२ ला कोर्टाच्या निकालानंतर लग्न कायदेशीर झालं. मतदानात हरलेली माणसं कुठे जात नाहीत, ती तिथेच राहतात, त्याच घरात.

आता बैठकीची जागा आणि वेळ. मंदिराच्या सभामंडपात घेऊ नका, तिथे लोकांना देवासमोर बाजू घ्यावी लागल्यासारखं वाटते. शाळेत घेतली तर पालक चिडतात. वाचनालय किंवा समाजमंदिर बरं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर पुढे ढकला, नाहीतर अमका गट बाजूने म्हणून तमका गट विरोधात, असं होऊन जाते आणि मूळ माणूस कुठेच राहत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया संध्याकाळी थकून येतात, त्यांच्यासाठी वेगळी बैठक दुपारी ठेवा, बचत गटाच्या बैठकीला जोडून चालते. आणि हे मी अनुभवाने सांगतो, बायांच्या बैठकीत जे बोलणं होते ते पुरुषांच्या बैठकीत होत नाही. एक मोठी माय मला म्हणाली, "माह्या नणंदेनं लगनच नाही केलं, मैत्रिणीसोबत राह्यली जलमभर, आम्ही तिले कधी विचारलंच नाही." असं बोलून ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मी पण काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका अशा वेळी.

चाळीस माणसं एकत्र बसवू नका. आयर्लंडमध्ये सार्वमताच्या आधी काय केलं होतं पहा, शंभर जणांची एक सभा बनवली, त्यात ६६ साधे नागरिक होते आणि ३३ राजकारणी, एक अध्यक्ष. साधे नागरिक म्हणजे कुठलेही लोक, निवडणूक लढवलेले नाही. ते शनिवार-रविवार गोल टेबलांभोवती बसून बोलले, दोन्ही बाजूंचं ऐकलं, आणि २०१३ मध्ये त्यांच्यातले ७९ टक्के म्हणाले की हा बदल लोकांसमोर ठेवा. देशाला विचारायच्या आधी माणसं टेबलाभोवती बसली. आपल्याकडे टेबल नाही तर सतरंजीच्या चार कोपऱ्यांत सहा-सहा सात-सात जण बसवा. सहा माणसांत मोठ्या आवाजाचा माणूस एकच असतो, चाळीसांत दहा असतात.

बैठक सुरू व्हायच्या आधी एक नियम मोठ्याने सांगा आणि पुन्हा सांगा. गावात "तसा" कोण आहे हे कोणी विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही, इशारा करायचा नाही, कोणाकडे बघून हसायचं नाही. बायल्या, छक्का असे शब्द आले की तिथेच थांबवा, उशिरा नाही, त्याच क्षणी, आणि बोलणारा वयाने मोठा असला तरी "काकाजी, हा शब्द इथे नको" एवढं नम्रपणे म्हणा. लोकांना वाटते हे जास्तच होऊन राहिलं. ऑस्ट्रेलियाला २०१७ च्या त्या मतदानाच्या काळापुरता खास कायदा करावा लागला होता, समलिंगी लोकांना किंवा धर्म मानणाऱ्यांना, दोघांनाही, धमकावायचं नाही आणि अपमान करायचा नाही म्हणून. एवढ्या मोठ्या देशाला लागला तर आपल्या वाचनालयाला एक नियम लागणारच.

आता विषय कुठून सुरू करायचा. "समलिंगी विवाह योग्य की अयोग्य" असा फळ्यावर लिहून सुरू केला तर पाच मिनिटांत संस्कृती, अमेरिका, कलियुग असं सगळं येते आणि मग काही हाती लागत नाही. सातबाऱ्यापासून सुरू करा. मी असं सांगतो: समजा दोन बाया आहेत, पंधरा वर्षांपासून एका घरात राहतात, दोघींनी मिळून तीन एकर कोरडवाहू कसलं, विहीर खोदली, एकीच्या नावावर शेत आहे. ती विषारी साप चावून गेली. पटवाऱ्याकडे वारस म्हणून कोणाचं नाव लागणार? दुसरीचं नाही, जी बाई रोज तिच्यासोबत निंदायला गेली तिचं नाही. मृत्युपत्र केलेलं असलं तर वेगळी गोष्ट, पण गावात मृत्युपत्र कोण करते. शहरातला भाऊ, जो दहा वर्षांत आला नाही, त्याचं नाव लागेल. मग लोकांना विचारा, हे बरोबर वाटते का? इथे मी पाहिलं आहे की जे काकाजी सुरुवातीला ऐकायलाच तयार नव्हते ते पण मान खाली घालतात, कारण सातबारा, वारस, भावांची भांडणं हे आपल्या हाडात आहे, यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथून पुढे दवाखाना. ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, नातं काय लिहिणार. मग राशन कार्ड. इथे एक चांगली बातमी सांगा, २०२३ च्या निकालात कोर्टाने लग्नाचा हक्क दिला नाही, पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि लग्नाऐवजी दुसरं काही कायदेशीर नातं मानावं का यावर तीन विरुद्ध दोन असा निकाल झाला, पण अशा जोडप्यांच्या अडचणी बघायला सरकारने समिती करावी असं ठरलं. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना राशन कार्डासाठी एकाच कुटुंबातले धरा, आणि बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही अडचण नाही हे पण स्पष्ट केलं. हे गावातल्या राशन दुकानदाराला आणि बँकेच्या माणसाला माहीत नसते, म्हणून तुम्ही माहीत करून घ्या. आणि हे पण सांगाच की ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं आपल्या देशात गुन्हा नाही. प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणते की पोलिसात देता येते. देता येत नाही.

विरोधातल्या लोकांना बोलू द्या, खरंच बोलू द्या. माझं मत मी लपवत नाही, लग्न करू द्यावं, सगळ्यांसारखं कागदावर, पण बैठक घेणाऱ्याने आपलं मत शेवटी सांगावं, आधी सांगितलं की लोक तुम्हाला उत्तर देत बसतात, विषयाला नाही. काही बोलणी दरवेळी येतात. "आपल्यात असं नव्हतं" असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, त्यांनाच विचारा की तुमच्या लहानपणी गावात लग्न न केलेली माणसं होती का, ती कोणासोबत राहायची. लोकांना आठवते. "पोट्टे बघून बिघडतील" असं म्हणणाऱ्यांची भीती खरी असते, पोरांबद्दलची असते, म्हणून त्यांची टिंगल करू नका, शांतपणे सांगा की आपल्या सगळ्यांच्या आजूबाजूला बाई-पुरुषाचीच लग्नं होती तरी हे लोक तसेच जन्मले आणि तसेच मोठे झाले. देवाला चालते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी देत नाही, मी एवढंच म्हणतो की आपण सरकारी नोंदणीबद्दल बोलून राहिलो, कोणत्या मंदिराने लग्न लावावं याबद्दल नाही, आयर्लंडमध्येही चर्चवर सक्ती झाली नाही.

आणि मतदानाचा मुद्दा परत आलाच, तर एक गोष्ट सांगतो जी मला सुचलेली नाही, शेजारच्या गावच्या बैठकीत बौद्धपुऱ्यातल्या एका आजीने सांगितली. ती मागे भिंतीला टेकून बसली होती, तासभर काही बोलली नाही, मग म्हणाली, "महाडच्या तळ्याच्या पाण्यावर मतदान घेतलं असतं तं आम्हाले पाणी भेटलं असतं का?" कोणीच काही बोललं नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ लाच तळं सगळ्यांना खुलं केलं होतं कागदावर, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं, आणि पाणी प्यायल्यावर मार पण खावा लागला. ज्या गावात जयंती होते तिथे हे सगळ्यांना माहीत असते, फक्त या विषयाला जोडून कोणी सांगितलेलं नसते. पण हे तुम्ही स्वतः पुढे होऊन बोलू नका, विशेषतः तुम्ही त्या समाजातले नसाल तर, ज्यांचं आहे त्यांना बोलू द्या.

बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. शेवटी निष्कर्ष काढू नका, ठराव करू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, कोण आलं कोण नाही ते गावभर होते. चहा करा, चहाच्या वेळी लोक खरं बोलतात. भिंतीवर एका कागदावर १४४१६ हा नंबर लावून ठेवा, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, आणि कागदावर फक्त "मन जड झालं तर" एवढंच लिहा, म्हणजे नंबर उतरवून घेणाऱ्याकडे कोणी बघणार नाही, शेतकऱ्याच्या घरात मन जड व्हायला कारणं कमी नाहीत. दुसऱ्या दिवशी, जे बैठकीत एकदम गप्प होते त्यांच्या घरावरून जा, विषय काढू नका, कापसाचा भाव विचारा, पाणी प्या आणि या.

आणि सतरंजी शेवटी उचला. सगळे गेले तरी लगेच गुंडाळू नका, कपाटातली पुस्तकं नीट करा, लाईट चालू ठेवा, दार उघडं ठेवा. दुसरं टोक धरायला कोणी आलं तर घड्या हळू घाला.