लहान ट्रक व्यवसायासाठी ड्रायव्हर कसा निवडावा आणि कसा टिकवावा

सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डाबाहेर किंवा चिंचोली एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर दोन-चार गाड्यांचे मालक एकत्र आले की, "आताच्या पोरांना कष्ट नकोत" हे वाक्य हमखास ऐकू येते. तक्रार अगदीच खोटी नाही. पण तिच्यातून ड्रायव्हर मिळत नाही. पूर्वी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढत असे. तो उस्तादाच्या, म्हणजे गाडीवरच्या जुन्या ड्रायव्हरच्या, हाताखाली काही वर्षे चाके बदलत, ग्रीस भरत आणि ताडपत्री बांधत असे, नंतर मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवत असे आणि बऱ्याच काळाने भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग त्याच्या हाती येत असे. भाडे परवडेना म्हणून आपणच क्लीनर काढून टाकला. आता मुलगा ड्रायव्हिंग स्कूलमधून परवाना घेऊन थेट केबिनमध्ये येतो, आणि जे त्याला कुणी शिकवलेच नाही ते त्याला येत नाही म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो. त्यामुळे निवड करताना अंगचा आळस आणि न मिळालेले शिक्षण यांतला फरक ओळखणे हे मालकाचे पहिले काम आहे.

त्यासाठी कष्ट कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. रात्रभर डोळा न लावता मुंबई गाठली, याचा जुन्या ड्रायव्हरांना अभिमान असतो. मात्र मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने 1961 सालीच दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, तसेच सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. म्हणजे त्या पिढीची जी चिवटाई आपण आजच्या मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवतो, ती त्या काळातही कायद्याच्या बाहेरची होती आणि तिची किंमत अनेक घरांनी अपघातात मोजली. जागरणापेक्षा गाडीची निगा, मालाची काळजी आणि हिशेबातला चोखपणा या तीन गोष्टी तपासाव्यात.

ड्रायव्हर शोधायला योग्य हंगाम असतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की जिल्ह्यातले कितीतरी चालक ऊस वाहतुकीकडे वळतात. त्या दिवसांत जो येतो, तो बहुधा मोठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मागतो आणि दुसरीकडे चार पैसे जास्त दिसले की निघून जातो. गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात शोध घेतला तर निवडीला वाव मिळतो. आपल्याकडे टिकलेल्या ड्रायव्हरच्या ओळखीतून आलेला माणूस पहिल्या पसंतीचा समजावा, कारण शिफारस करणाऱ्याचीही अब्रू पणाला लागलेली असते. हैदराबाद लाइनला तेलुगू आणि विजयपूरच्या बाजूला कन्नड येणारा ड्रायव्हर सोलापुरात सहज मिळतो. माल उतरवताना हमालांशी वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, वाद झाला की ही भाषा किती कामाची असते, हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांबाबत फार चर्चेची गरज नाही, पण ती तपासल्याशिवाय चावी देऊ नये. झेरॉक्सवर विश्वास न ठेवता परवान्याचा क्रमांक परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर स्वतः पाहावा. परवाना जड वाहनाचा आहे ना आणि त्याची मुदत चालू आहे ना, हे तिथे कळते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचेच मालवाहू वाहन चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2024 साली ही मर्यादा कायम ठेवली. दहा चाकी गाडीवर असा माणूस बसवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दिलेली भरपाई वसूल करायला मालकाच्या दारात येऊ शकते. आधीच्या मालकाला फोन करताना "माणूस कसा आहे?" असे मोघम विचारू नये. त्याने शेवटची गाडी कुठे आणून लावली, हिशेब मिटवूनच गेला का आणि तुम्ही त्याला पुन्हा ठेवाल का, एवढे विचारले की उत्तरापेक्षा उत्तराआधीचा थांबा अधिक सांगून जातो.

खरी परीक्षा गाडीवरच होते आणि त्यासाठी अर्धा दिवस काढावा. उमेदवाराच्या हाती चावी द्यावी आणि बोलू नये. चांगला ड्रायव्हर लगेच केबिनमध्ये चढत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, खाली वाकून ऑइल गळते का ते पाहतो, टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाज ऐकतो आणि मागच्या जोड चाकांच्या मध्ये दगड अडकला असेल तर तो काढतो. काही मालक मुद्दाम ताडपत्रीचा एखादा रस्सा सैल ठेवतात. तो हाताला लागतो का, हे पाहण्यासारखे असते. इंजिन सुरू केल्यावर ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा पुरेसा वर येईपर्यंत तो थांबतो की लगेच हँडब्रेक सोडतो, यावरही लक्ष ठेवावे. सीट आणि आरसे स्वतःच्या उंचीप्रमाणे लावून न घेणारा माणूस दुसऱ्याची गाडी दुसऱ्याचीच समजतो, असे माझे मत आहे.

त्यानंतर माल भरलेली गाडी घेऊन तुळजापूरला जाऊन यावे. चढताना बहुतेक सगळे सारखेच वाटतात. फरक घाट उतरताना दिसतो. जाणता ड्रायव्हर उताराला लागण्याआधीच खालचा गियर टाकतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतो. जो पाय ब्रेकवर ठेवूनच उतरतो, त्याच्या गाडीचे ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासणाऱ्या लायनरची पकड सुटते आणि पायथ्याशी ब्रेक हवा असतो तेव्हा तो लागत नाही. इथे जुन्या माणसांचीही एक खोड पकडता येते. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय त्यांच्यापैकी अनेकांना आहे. आजच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होते, पण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतेच. त्यामुळे या सवयीत धोका आहे आणि बचतही नाही.

यावरून पिढ्यांची तुलना करताना थोडे सबुरीने घ्यावे, हे पटेल. नव्या मुलाला बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे, धूर शुद्ध करायला लागणाऱ्या युरियाची पातळी, फास्टॅगमधली शिल्लक आणि ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत समजते. जुन्या माणसाला गिअरबॉक्सचा बदललेला आवाज कळतो आणि कांद्याच्या गाडीला ताडपत्री गच्च आवळली तर आतल्या उष्म्याने माल सडतो, त्यामुळे बाजूने वारा खेळता ठेवावा लागतो, हेही ठाऊक असते. परवडत असेल तर नव्या चालकाला पहिल्या काही फेऱ्या जुन्या ड्रायव्हरसोबत पाठवावे आणि त्या दिवसांचा भत्ता दोघांनाही पूर्ण द्यावा. शिकवण्याचे पैसे मिळाले नाहीत तर जुना माणूस आपली विद्या राखून ठेवतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही.

अटी तोंडी ठेवू नयेत. महिन्याचा पगार, फेरीचा भत्ता, वाराई कोण देणार, लाइननिहाय ॲव्हरेज (एका लिटरला किती किलोमीटर) किती धरायचे, पंक्चर आणि दंड कुणाच्या खाती, हे एका कागदावर मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ॲव्हरेज टाकी फुल करून, ड्रायव्हरच्या समक्ष, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वेगवेगळे काढावे. मालकाने घरी बसून ठरवलेल्या आकड्यातूनच डिझेलची चोरी आणि चोरीचा संशय दोन्ही सुरू होतात. ओव्हरलोडचा मूळ दंड 20,000 रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे. जादा माल भरायला आपणच सांगायचे आणि दंड त्याच्या पगारातून कापायचा, असे करणाऱ्या मालकाने प्रामाणिक ड्रायव्हरची अपेक्षा धरू नये. वेळेचेही तसेच आहे. ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, त्यामुळे सुमारे 300 किलोमीटरवरच्या हैदराबादला जायला कायद्याच्या हिशेबाने दोन दिवस असतात. नाशवंत माल सोडला तर रात्रीतून पोचण्याची घाई बहुतेक वेळा पार्टीची, म्हणजे माल पाठवणाऱ्या किंवा मागवणाऱ्या व्यापाऱ्याची, असते आणि तिला नाही म्हणणे हे मालकाचेच काम आहे.

नव्या पिढीचा ड्रायव्हर सुट्टी मागतो, ही दुसरी मोठी तक्रार. मग ती आधीच ठरवून टाकावी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर या दिवसांत कोण घरी आणि कोण गाडीवर, याची पाळी वर्षाच्या सुरुवातीला लावली तर ऐन वेळी फोन बंद होण्याचे प्रकार कमी होतात. केबिनकडेही पाहावे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. आपली गाडी जुनी असेल तर निदान चालू स्थितीतला पंखा, स्वच्छ गादी आणि पाण्याचा जार तरी द्यावा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी इंजिनशेजारी बसून पाहिल्यावर ही मागणी चैनीची वाटत नाही.

उचल द्यावीच लागते, पण ती पगाराच्या मानाने इतकीच असावी की काही महिन्यांत फिटेल. कर्जाने बांधलेला माणूस राहतो खरा, पण गाडी मन लावून चालवत नाही. पगार ठरल्या तारखेला थेट खात्यात जमा करावा आणि भत्ता गाडी निघण्यापूर्वी द्यावा. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी समोर बसून मिटवावा. जॅक, टामी, स्टेपनी, ताडपत्री आणि रस्से मोजून घ्यावेत, माल पोचल्याच्या सहीच्या राहिलेल्या पोच पावत्या ताब्यात घ्याव्यात आणि येणे-देणे संपल्याची चिठ्ठी सहीनिशी त्याला द्यावी; पुढचा मालक फोन करील तेव्हा दोघांनाही ती उपयोगी पडते.