इंजिन तापलं की आधी पाण्याची वाट धरा

बोटीचं इंजिन तापतंय म्हटलं की बरेच जण सरळ थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी झडप, बदलायला घेतात. मी आजवर जी तापलेली इंजिनं उघडली, त्यांत थर्मोस्टॅट खराब निघाला असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक वेळा पाणीच कुठेतरी अडलेलं होतं. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: पाणी बोटीत शिरतं तिथून सुरुवात करायची आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतं तिथपर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. मधलं एकही ठिकाण सोडायचं नाही.

आधी तातडीचं. अलार्म वाजला किंवा तापमानाचा काटा चढू लागला की वेग उतरवा, गिअर न्यूट्रलला आणा आणि लगेच एक्झॉस्टकडे बघा. नेहमीसारखी पाण्याची धार पडते आहे का? धार नसेल आणि नुसती वाफ येत असेल, तर नांगर टाका आणि इंजिन बंद करा. धार चांगली असेल तर थोडा वेळ मंद चालू द्या. काटा तरीही चढत राहिला तर बंद. कुलंट, म्हणजे इंजिनात आतल्या आत फिरून त्याला थंड ठेवणारं पाणी, त्याच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. इंजिनाला उघडा हात ठेवता येईल इतकं ते निवू द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तडकू शकतं.

आता तळाशी चला. समुद्राचं पाणी बोटीत घेणारी तळाची झडप म्हणजे सीकॉक. त्याचं हँडल पाइपाच्या रेषेत, म्हणजे उघडं, आहे ना, हे आधी पाहा. पाणी शिरतं त्या तोंडावर बाहेरून प्लास्टिकची पिशवी बसली असेल तर एक गंमत होते: इंजिन बंद केलं की ओढ थांबते, पिशवी आपोआप सुटते, आणि पुन्हा सुरू केल्यावर सगळं ठीक वाटतं. असं दोनदा झालं तर तोंड खालून तपासून घ्याच. आतून तपासायचं तर सीकॉक बंद करून होज काढा, लाकडी बूच हाताशी ठेवा आणि सीकॉक हळूच उघडा. पाणी जोरात उसळलं पाहिजे. मग पाणी गाळणारी जाळी. ती धुणं सगळ्यांना येतं, पण झाकणाची रबरी रिंग कोणी बघत नाही. ती चपटी किंवा तडकलेली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि जाळी स्वच्छ असूनही इंजिन तापतं.

यानंतर पंपातला इम्पेलर. इथे घाई नको. पंपाचं झाकण काढलं की रबराचा हा छोटा पंखा दिसतो. पाकळ्या बोटाने एकेक करून वाकवा आणि मुळाशी बारकाईनं बघा. चीर तिथेच पडते, आणि वाकवल्याशिवाय दिसत नाही. पाण्याविना काही मिनिटं जरी फिरला तरी त्याच्या पाकळ्या जळतात. आणि पाकळ्या मोजा. एका बोटीवर मालकाने इम्पेलर नवा बसवला होता, तरी इंजिन वेग वाढवला की तापायचं. मी जुना इम्पेलर मागितला. त्याच्या तीन पाकळ्या गायब होत्या. दोन तुकडे पंपातून पुढे जाणाऱ्या होजमध्ये सापडले. तिसरा हीट एक्स्चेंजरच्या (जिथे समुद्राचं पाणी कुलंटला थंड करतं) तोंडाशी, बारीक नळ्यांवर आडवा चिकटून बसला होता, नखाएवढा तुकडा. तो चिमट्याने काढला आणि काटा जागेवर आला. तेव्हापासून हरवलेली प्रत्येक पाकळी हातात आल्याशिवाय मी झाकण लावत नाही. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चरे पडले असतील तर पंप ओढ धरत नाही.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताचा तुकडा असतो. तो अर्धा झिजला की बदला. विसरलात तर झडलेले तुकडे तिथेच नळ्या बुजवतात. पुढचं ठिकाण एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकडा पाइप, जिथे धूर आणि खारं पाणी एकत्र येतं. हा आतून काजळीने आणि मिठाने भरत जातो, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. काढून आत बोट घालून बघा.

इथवर सगळं ठीक निघालं, तर कुलंटकडे वळा: पातळी, पट्ट्याचा ताण, झाकणाचं रबर. थर्मोस्टॅट तपासायचा तर दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवत थर्मामीटर लावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला हवा. सुरू इंजिनात कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झालं असेल, तर हेडखालच्या गॅस्केटची शंका घ्या आणि इंजिन पुढे चालवू नका.

कुलंटवर चालणारं इंजिन साधारण 75 ते 90 अंशांत राहतं. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं मुद्दाम 60 च्या आसपास ठेवतात, कारण त्याच्या वर आत क्षार साचायला लागतात. काट्यावरच शंका असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकाकत्या धातूवर तो चुकीचं दाखवतो, म्हणून आधी काळी टेप चिकटवा.

तापतं केव्हा, हेही सांगून जातं. मंद वेगातही तापत असेल तर मी आधी पाणी ओढणाऱ्या बाजूकडे बघतो. फक्त पूर्ण वेगात तापत असेल तर एक्स्चेंजर, एल्बो, किंवा इंजिनाबाहेरचं कारण: प्रोपेलरला गुंडाळलेली दोरी, तळाला चिकटलेले शंख-शिंपले. इंजिन निर्दोष असतं, त्याच्यावर ओझं जास्त असतं.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होत नसेल तर स्टार्टर मारत राहू नका. प्रत्येक वेळी पंप पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. एक्झॉस्टच्या वाटेवरचा मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. सीकॉक बंद करून मगच प्रयत्न करा, इंजिन धरलं की त्याच क्षणी उघडा. सीकॉक बंद करताना मी इंजिनाची एक चावी त्याच्या हँडलला अडकवतो आणि सुरू करणारा माणूस दुसरी चावी घेऊन वर, मी खाली सीकॉकवर हात ठेवून. एकटा असलो तर चावी काढायला खाली वाकावंच लागतं, आणि सीकॉक आठवतोच.