मादी उंदरांची आक्रमकता : जनुकांचा वाटा आणि संगोपनाचा वाटा कसा तपासावा

ठाणे किंवा नवी मुंबईतील महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्याने संस्थेच्या, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी असलेल्या नैतिक समितीची मान्यता आधी घ्यावी आणि काम नोंदणीकृत प्राणिगृहातच करावे. खाडीकाठच्या पावसाळ्यात प्राणिगृहातील आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत राखणे आवश्यक असते, त्यामुळे वातानुकूलन बंद पडल्यास पर्यायी सोय काय, हेही विचारून घ्यावे.

सी५७ ब्लॅक-६ (काळा) आणि बाल्ब-सी (पांढरा) हे उंदरांचे दोन अंतःप्रजनित वाण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात प्रजनन करून जनुके जवळपास एकसारखी झालेले वाण, निवडून त्यांच्या जोड्या एकाच दिवशी लावाव्यात. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असल्याने वेतेही जवळपास एकत्रच येतात. जन्मानंतर २४ तासांच्या आत पिल्लांची अदलाबदल करावी, म्हणजे एका वाणाची पिल्ले दुसऱ्या वाणाची आई वाढवेल आणि जनुके व संगोपन वेगळे पाहता येतील. तत्पूर्वी नव्या आईच्या घरट्यातील भुसा त्यांच्या अंगाला हलकेच चोळावा. काळ्या वाणाच्या नवजात पिल्लाचे डोळे मिटलेल्या पापणीतून गडद दिसतात, बाल्ब-सीचे दिसत नाहीत, म्हणून मिश्र वेतातही पिल्ले ओळखता येतात. तुलनेसाठी काही पिल्ले त्याच वाणाच्या दुसऱ्या आईकडे द्यावीत, कारण आई बदलणे हाच एक अनुभव असतो आणि जन्मदात्या आईपाशी राहिलेली पिल्ले त्यातून गेलेली नसतात. ही पायरी गाळणाऱ्या प्रकल्पाच्या निष्कर्षांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

अदलाबदलीने केवळ जन्मानंतरचा परिणाम वेगळा होतो. गर्भाशयात दोन नरांच्या मध्ये वाढलेल्या मादीला टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक अधिक मिळते व ती पुढे अधिक आक्रमक आढळते, हे अमेरिकेत फ्रेडरिक व्हॉम साल यांनी दाखवले आहे. आईच्या गर्भाशयाचा परिणाम पाहण्यासाठी दोन्ही दिशांनी संकर करावा : एकदा आई काळ्या वाणाची, एकदा बाल्ब-सीची. येथे मादी अभ्यासण्याचा मोठा फायदा आहे, कारण नर संततीचे एक्स गुणसूत्र आईचे व वाय वडिलांचे असल्याने दिशा बदलताच त्यांची जनुके बदलतात, तर दोन्ही संकरांतील मुलींची गुणसूत्रे सारखीच असतात. त्यांच्यात फरक दिसल्यास, मायटोकाँड्रिया (पेशीतील हे घटक फक्त आईकडून येतात) आणि जनुकीय ठसे (काही जनुके आईकडून आली की वडिलांकडून, यावर त्यांचे काम ठरणे) यांची शक्यता लक्षात घेऊन, तो आईच्या वातावरणाकडे बोट दाखवतो.

न व्यालेली मादी सहसा हल्ला करत नाही, म्हणून वाढलेल्या मुली व्याल्यानंतर साधारण चौथ्या ते आठव्या दिवशी त्यांच्याच पिंजऱ्यात अनोळखी नर पाच ते दहा मिनिटे सोडावा, पिल्ले त्याआधी बाजूला काढावीत, आणि पहिल्या हल्ल्यापर्यंतचा वेळ व हल्ल्यांची संख्या नोंदवावी. जखम होताच चाचणी थांबवावी. नोंद घेणाऱ्याला गट ठाऊक नसावा. विश्लेषणात एका वेतातील चार बहिणी चार स्वतंत्र नोंदी म्हणून धरू नयेत. वेत हेच एकक मानावे, आणि वाण व संगोपन यांची परस्परक्रिया, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणे, आढळल्यास जनुकांचा टक्का न सांगता चारही गटांच्या सरासऱ्या स्वतंत्रपणे द्याव्यात.